राखीव वैमानिकाचे तास

सार्वजनिक वाहतुकीचे वेळापत्रक म्हणजे कंपनीने उतारूंना लिहून दिलेला करारनामाच असतो. आणि तो दररोज पाळला जातो याचे श्रेय आपण सामान्यतः यंत्राच्या निर्दोषतेला, इंधनाच्या पुरवठ्याला आणि हवामानाच्या अनुकूलतेला देतो. परंतु यंत्र सज्ज असताना, आकाश निरभ्र असताना आणि उतारू आपापल्या आसनांवर स्थानापन्न झालेले असताना विमान चालवणाराच जर तापाने अंथरुणाला खिळला, अथवा आधीच्या उड्डाणास विलंब झाल्यामुळे त्याच्या वाट्याचे कायदेशीर तास संपुष्टात आले, तर हा करारनामा कोणी पाळावयाचा? या प्रश्नाला विमान कंपन्यांनी शोधून काढलेले उत्तर म्हणजे राखीव वैमानिक. ज्याच्या नावावर त्या दिवशीचे एकही उड्डाण लिहिलेले नाही, परंतु ज्याच्या नावावर त्या दिवशीचे कोणतेही उड्डाण केव्हाही लिहिले जाऊ शकते, असा हा मनुष्य. त्याने दूरध्वनीच्या टप्प्यात राहावे, मद्याला स्पर्श करू नये, गणवेश इस्त्री करून ठेवावा आणि हुकूम येताच ठराविक मुदतीत विमानतळावर हजर व्हावे, अशी त्याची कामगिरी.

या कामगिरीचा इतिहास वरवर पाहता एका धंद्याच्या अंतर्गत व्यवस्थेचा इतिहास वाटतो. पण त्याच्या मुळाशी एक फार मोठा प्रश्न आहे. ज्या मनुष्याचा वेळ दुसऱ्याच्या हुकमाला बांधलेला आहे, पण ज्याच्याकडून अद्याप प्रत्यक्ष काम घेतलेले नाही, त्याचे ते तास विश्रांतीत जमा धरावयाचे की श्रमात? या प्रश्नाची सर्वांत प्रदीर्घ आणि सर्वांत बोधप्रद सुनावणी अमेरिकेच्या विमान व्यवसायात झाली. तिला जवळजवळ ऐंशी वर्षे लागली, आणि तिचा निकाल युक्तिवादापेक्षा अपघातांच्या चौकशी अहवालांनी अधिक घडवला.

राखीव वैमानिक नसला म्हणजे काय होते, याचा दाखला या व्यवसायाच्या बाल्यावस्थेतच सापडतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने १५ मे १९१८ रोजी विमानाने टपाल नेण्यास आरंभ केला आणि १९२० पर्यंत हा मार्ग एका महासागराच्या किनाऱ्यापासून दुसऱ्याच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचला. पण रात्री विमाने उतरवून टपाल आगगाडीत चढवावे लागत असल्यामुळे सारा लाभ निम्म्यावर येत असे. रात्रीही उडता येते हे काँग्रेसच्या सभासदांना पटवून देण्यासाठी फेब्रुवारी १९२१ मध्ये दोन्ही किनाऱ्यांवरून विमाने सोडण्यात आली. २२ फेब्रुवारीच्या रात्री जॅक नाइट नावाचा वैमानिक नेब्रास्कातील नॉर्थ प्लॅट येथून निघून, वाटेत गावकऱ्यांनी पेटवून ठेवलेल्या शेकोट्यांच्या आधाराने, मध्यरात्रीनंतर ओमाहाला उतरला. त्याचा पल्ला तेथेच संपत होता. पण ज्याच्या हाती त्याने टपाल सोपवावयाचे, तो वैमानिक शिकागोकडील हिमवादळात अडकून पडला होता, आणि तिसरा कोणी तेथे नव्हता. तेव्हा ज्या मार्गावरून तो पूर्वी कधीही उडाला नव्हता, त्या मार्गावर, रस्त्यांचा एक साधा नकाशा बरोबर घेऊन, थकलेल्या शरीराने नाइट पुन्हा आकाशात चढला, आयोवा सिटीला इंधनासाठी उतरला आणि सकाळी शिकागोला सुखरूप पोहोचला. सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेले टपाल सुमारे ३३ तासांत न्यूयॉर्कला पोहोचले, देशभर जयजयकार झाला, आणि हवाई टपालासाठी काँग्रेसने पैसाही मंजूर केला. नाइटचे शौर्य निर्विवाद आहे. पण व्यवस्थेच्या दृष्टीने पाहता त्या रात्री एका रिकाम्या जागेची भरपाई एका मनुष्याच्या झोपेतून करण्यात आली. आणि ही भरपाई यशस्वी झाली म्हणून ती रीतच पडण्याचा धोका निर्माण झाला.

१९२५ च्या केली कायद्याने टपालाची वाहतूक खाजगी कंत्राटदारांकडे गेली आणि त्यातूनच पुढे मोठ्या विमान कंपन्या उदयास आल्या. १९२९ नंतरच्या मंदीत या कंपन्यांनी वैमानिकांचे वेतन कमी करून तास वाढवण्याचा सपाटा लावला, तेव्हा डेव्हिड बेंकी या वैमानिकाच्या पुढाकाराने १९३१ च्या जुलै महिन्यात शिकागो येथे वैमानिकांची संघटना स्थापन झाली. नोकरी जाण्याच्या भयाने तिचे प्रारंभीचे काम गुप्तपणे चालत असे. पुढच्याच वर्षी ई. एल. कॉर्ड या उद्योगपतीने आपल्या सेंच्युरी एअरलाइन्समधील वैमानिकांना वेतनकपातीच्या वादात कामावरून दूर केले. वैमानिकांची कैफियत फिओरेलो लाग्वार्डिया यांनी काँग्रेसच्या सभागृहात मांडली, आणि लोकमत प्रथमच या प्रश्नाकडे वळले. अखेर १९३४ मध्ये राष्ट्रीय श्रम मंडळाने आपला ८३ क्रमांकाचा निर्णय दिला. त्यात वेतनाची पद्धत ठरवून महिन्याला ८५ तास ही उड्डाणाची कमाल मर्यादा घालण्यात आली, आणि त्याच वर्षीच्या हवाई टपाल कायद्याने या निर्णयाला वैधानिक आधार दिला. सरकारी नियमांतही हळूहळू एक चौकट स्थिर झाली आणि देशांतर्गत सेवेत ती पिढ्यान्पिढ्या टिकली: दोन विश्रांतींच्या दरम्यान ८ तास, आठवड्याला ३०, महिन्याला १०० आणि वर्षाला १००० तास.

ही चौकट आपल्या काळाच्या मानाने उदार होती. परंतु तिच्यात एक उणीव राहून गेली, आणि ती उणीव म्हणजेच राखीव वैमानिकाचे पुढील अर्धशतकाचे दुर्दैव होय. या सर्व मर्यादा उड्डाणाच्या होत्या. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर येऊन थांबेपर्यंतचा काळ तेवढा हिशेबात घेतला जाई. धोका आकाशात आहे, म्हणून मोजणीही आकाशातील तासांची, असा त्यामागील सरळ विचार होता. उड्डाणापूर्वी वैमानिक किती वेळ जागा आहे, किती वेळ सज्ज होऊन बसला आहे, याची नोंद ठेवण्यास कोणत्याही नोंदवहीत रकानाच नव्हता. ज्याचे काम वेळापत्रकाप्रमाणे चाले त्याला या उणिवेची झळ थोडी लागे. ज्याचे सारे कामच वेळापत्रकाबाहेरचे, त्या राखीव वैमानिकाला ती पूर्ण भोगावी लागे.

राखीव कोणी राहावयाचे हे ठरवण्याची रीत अमेरिकन कंपन्यांत ज्येष्ठतेच्या यादीवरून रूढ झाली. नोकरीत रुजू झाल्याच्या तारखेनुसार प्रत्येक वैमानिकाला एक क्रमांक मिळतो, आणि त्या क्रमांकावरून त्याचा तळ, त्याचे विमान, त्याच्या सुट्ट्या आणि त्याचा महिन्याचा कार्यक्रम ठरतो. दर महिन्याला कंपनी पुढील महिन्याच्या उड्डाणांच्या याद्या प्रसिद्ध करते. ज्येष्ठ आधी मागतो, कनिष्ठाला उरलेले मिळते. आणि सर्वांत शेवटी ज्याला काहीच उरत नाही त्याच्या पदरी राखीव यादी येते. उड्डाण मिळो वा न मिळो, त्याला महिन्याच्या काही तासांचे हमी वेतन मिळते, आणि बहुतेक कंपन्यांत ही हमी सत्तर ते पंचाहत्तर तासांच्या आसपास असते. कंपनी वाढत असेल तर नवा मनुष्य काही महिन्यांत या यादीतून वर सरकतो. कंपनी आक्रसत असेल तर वर्षानुवर्षे तेथेच खितपत पडतो.

२४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी विमान व्यवसायावरील सरकारी नियंत्रण उठवणाऱ्या कायद्यावर सही केली आणि या यादीचे स्वरूप पालटले. भाडी उतरली, स्पर्धा तीव्र झाली, कंपन्यांनी आपली उड्डाणे काही मोजक्या महानगरांभोवती केंद्रित केली, काही कंपन्या बुडाल्या, काहींचे विलीनीकरण झाले, आणि तळ उघडण्याचा व बंद होण्याचा क्रम असा वेगवान झाला की वैमानिकाने आपले बिऱ्हाड दर वेळी उचलून न्यावे हे अशक्य झाले. परिणामी, राहावयाचे एका शहरात आणि नोकरीचा तळ हजार मैलांवरच्या दुसऱ्या शहरात, अशी रीत सर्रास पडली. वेळापत्रकाने काम करणारा ज्येष्ठ वैमानिक हे अंतर आपल्या सोयीने कापू शकत असे. राखीव वैमानिकाला मात्र बोलावणे आल्यापासून साधारणतः दोन तासांत हजर होणे भाग असल्यामुळे, तळाच्या गावीच दिवस काढावे लागत. आणि तेथे घर घेण्याइतके वेतन त्याला नसे.

या अडचणीतून वैमानिकांनी स्वतःसाठी जी व्यवस्था उभी केली, तिचे वर्णन या इतिहासात अवश्य यावयास हवे, कारण नियम जेथे मुके असतात तेथे माणसे आपले नियम आपणच घडवतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील क्यू गार्डन्ससारख्या, विमानतळांच्या जवळच्या वस्त्यांतून, दहा-दहा, वीस-वीस वैमानिकांनी आणि हवाई सेविकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्या निर्माण झाल्या. एकावर एक रचलेले पलंग, भिंतीवर उठण्याच्या वेळांची पाटी, आणि दिवसाच्या कोणत्याही प्रहरी कोणी ना कोणी झोपलेले असणार म्हणून कुजबुजत बोलण्याची शिस्त, असे तेथले जीवन. कित्येकांना ठराविक पलंगही नसे. जो बाहेर पडला त्याच्या जागी आलेला झोपे. राखीव यादीत आपल्या पुढे किती जण आहेत, कोणाचे तास संपत आले आहेत, कोणत्या शहरावर धुके उतरले आहे, यांचा मेळ घालून आपली पाळी केव्हा येईल याचा अंदाज बांधण्यात जुनी मंडळी इतकी तरबेज झालेली असत की नवखे वैमानिक आपल्या झोपेच्या वेळा त्यांच्या सल्ल्याने ठरवीत. ज्यांना तास हवे असत ते आपल्याला प्रथम बोलवावे म्हणून आधीच सांगून ठेवीत. ज्यांना घरची ओढ असे ते आपले राखीव दिवस सलग मागून घेत. आणि तळाच्या गावातच राहणारे काही ज्येष्ठ वैमानिक तर राखीव यादी स्वेच्छेने पत्करीत, कारण ज्येष्ठतेमुळे बोलावणे क्वचित येई आणि हमी वेतन मात्र सुटत नसे. एकच व्यवस्था एकाला सवलत आणि दुसऱ्याला वेठ ठरत होती, ती अशी.

परंतु कोणत्याही हिशेबाने न सुटणारा प्रश्न झोपेचा होता. सकाळी सहा वाजता ज्याची पाळी सुरू होते त्याने रात्री लवकर निजावे हे ठीक. पण दिवसभर बोलावणे आले नाही आणि रात्री आठला आले तर? दुपारी झोप घेऊन ठेवावी तर ती शरीराला मागून येत नाही. न घ्यावी तर मध्यरात्रीनंतर विमान उतरवताना अठरा-अठरा तास जागे राहिल्याचा भार डोळ्यांवर येतो. जुन्या नियमांत या मनुष्याने अद्याप एक तासही उड्डाण केलेले नाही, म्हणून तो पूर्ण ताजा, असे गृहीत धरले जाई. कागदावर त्याचे आठही तास शिल्लक असत.

कायद्याच्या दप्तरात या अवस्थेची स्थिती फारच चमत्कारिक होती. विश्रांतीची व्याख्या अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या विधी विभागाने वर्षानुवर्षे एकसारखी केली होती: ती सलग असावी, आधी ठरलेली असावी, आणि त्या अवधीत वैमानिक कामापासूनच नव्हे तर काम आल्यास ते करण्याच्या जबाबदारीपासूनही मुक्त असावा. या व्याख्येप्रमाणे दूरध्वनी घेण्यास बांधलेला वैमानिक विश्रांतीत नव्हता हे उघड आहे. पण त्याच विभागाच्या मते तो कामावरही नव्हता. स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यामध्ये लटकत राहिलेल्या त्रिशंकूप्रमाणे राखीव वैमानिक श्रम आणि विश्रांती या दोन रकान्यांच्या मध्ये लोंबकळत राहिला होता. १९८५ मध्ये विश्रांतीच्या नियमांची मोठी सुधारणा झाली. तिच्यातही राखीव सेवेसाठी स्वतंत्र तरतूद झाली नाही.

या त्रिशंकूला भूमीवर आणण्याचे श्रेय प्रथम शास्त्रज्ञांना द्यावे लागेल. काँग्रेसच्या सूचनेवरून १९८० मध्ये नासाच्या कॅलिफोर्नियातील एम्स संशोधन केंद्रात वैमानिकांच्या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, आणि शरीराचे चोवीस तासांचे चक्र, पहाटेच्या प्रहरी त्याला येणारी ओहोटी आणि साचत जाणारे झोपेचे ऋण या गोष्टी अनुभवाच्या प्रांतातून मापनाच्या प्रांतात आल्या. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या मनुष्याची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या मनुष्याइतकी खालावते. मद्याच्या एका थेंबासाठी ज्या कायद्याने वैमानिकाचा परवाना काढून घ्यावा, त्याच कायद्याने सतराव्या तासाला त्याच्या हाती विमान द्यावे, ही विसंगती यापुढे लपून राहणे शक्य नव्हते.

दुसरे श्रेय, दुर्दैवाने, अपघातांकडे जाते. १८ ऑगस्ट १९९३ रोजी क्यूबातील ग्वांतानामो बे येथील नौदलाच्या तळावर उतरताना एक डीसी-८ मालवाहू विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. रात्रभर उड्डाणे करून मोकळे होण्याच्या बेतात असलेल्या तिघांना कंपनीने आयत्या वेळी ही आणखी एक फेरी दिली होती. अपघाताच्या वेळी कप्तान सुमारे साडेतेवीस तास जागा होता. तिघेही वाचले, आणि म्हणूनच आपल्या मनाची त्या वेळची सुस्त अवस्था त्यांना स्वतःच्या तोंडाने सांगता आली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एखाद्या मोठ्या विमान अपघाताचे संभाव्य कारण म्हणून वैमानिकांच्या थकव्याचे नाव प्रथमच या प्रकरणात घेतले.

डिसेंबर १९९५ मध्ये प्रशासनाने राखीव सेवेसह सर्व तासांची फेरमांडणी करणारा मसुदा प्रसिद्ध केला; कंपन्यांनी खर्चाचे कारण पुढे केले, वैमानिकांनी त्यातील कित्येक तपशील अपुरे ठरवले, आणि मसुदा बासनात पडून राहिला. नवा नियम होईना, तेव्हा जुन्याच नियमाचा खरा अर्थ अंमलात आणण्याचा मार्ग उरला. १९९९ मध्ये प्रशासनाने जाहीर केले की राखीव वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमाची अंमलबजावणी यापुढे कसोशीने होईल. त्यापुढील वर्षी, २० नोव्हेंबर २००० रोजी, प्रशासनाचे उपमुख्य विधी सल्लागार जेम्स व्हिटलो यांनी वैमानिकांच्या एका संघटनेच्या पृच्छेला जे उत्तर पाठवले, ते या व्यवसायात ‘व्हिटलो पत्र’ म्हणून ख्यातनाम झाले. त्याचा आशय असा की उड्डाण चालू असताना कोणत्याही क्षणी मागील चोवीस तासांकडे वळून पाहिले असता त्यांत किमान आठ तासांची खरी विश्रांती दिसलीच पाहिजे, आणि हा हिशेब छापील वेळापत्रकावरून न करता प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवरून करावा. साहजिकच सोळा तासांपलीकडे कोणाकडूनही काम घेणे अवैध ठरले, आणि राखीव वैमानिकाला दररोज काही तास दूरध्वनीपासून मुक्त ठेवणे अनिवार्य झाले. कंपन्यांच्या संघाने न्यायालयात धाव घेतली. पण २००२ मध्ये कोलंबिया जिल्ह्याच्या अपील न्यायालयाने प्रशासनाचा अन्वयार्थ उचलून धरला. कायद्याचे एक अक्षरही न बदलता केवळ त्याचा प्रामाणिक अर्थ लावल्याने हजारो माणसांना आपल्या रात्री परत मिळाल्याची उदाहरणे इतिहासात थोडी आहेत. हे त्यांपैकी एक होय.

तरीही समग्र नियम होण्यास आणखी एक आहुती पडावी लागली. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान कोसळून पन्नास माणसे मृत्युमुखी पडली. कप्तानाने आधीची रात्र न्यूअर्क विमानतळावरील कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. सहवैमानिक देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सिअ‍ॅटलहून रात्रभर मालवाहू विमानांतून प्रवास करून कामावर आली होती. चौकशी मंडळाने मुख्य कारण कप्तानाच्या चुकीच्या प्रतिक्रियेत शोधले. थकव्याचे प्रमाण किती याविषयी मंडळात मतभेद राहिले. परंतु तळापासून दूर राहणाऱ्या, अल्प वेतनावर खुर्चीत झोपणाऱ्या वैमानिकांचे जे चित्र या चौकशीने उतारूंपुढे उभे केले, ते पुसले गेले नाही. मृतांच्या आप्तांनी वॉशिंग्टनला पुनःपुन्हा जाऊन, लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांत आपल्या माणसांची छायाचित्रे घेऊन बसून, चिकाटीने पाठपुरावा केला. ऑगस्ट २०१० मध्ये कायदा झाला, आणि त्या कायद्याच्या आज्ञेने घडलेले नवे नियम, ज्यांना ‘भाग ११७’ म्हणतात, ४ जानेवारी २०१४ पासून अंमलात आले.

या नियमांत राखीव सेवेला प्रथमच स्वतःचे कलम आणि स्वतःचे तीन स्पष्ट वर्ग मिळाले. जो विमानतळावर सज्ज बसतो त्याचा पहिल्या मिनिटापासूनचा सारा वेळ कामातच धरावयाचा. जो घरी किंवा खोलीवर अल्प मुदतीच्या बोलावण्यासाठी बांधलेला आहे त्याची पाळी चौदा तासांपेक्षा लांबवावयाची नाही. आणि ज्याला दीर्घ मुदतीची सूचना मिळावयाची आहे त्याला कामापूर्वी पूर्ण विश्रांतीचा अवधी मिळाला पाहिजे. ही विश्रांती दहा तासांची आणि तिच्यात आठ तास अखंड झोपेची संधी. हिशेब कसा बदलला हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन वैमानिकांच्या विमानावर नेमलेल्या एकाची अल्प मुदतीची पाळी सकाळी ६ वाजता सुरू झाली आणि त्याला दुपारी ४ वाजता विमानतळावर बोलावले, तर त्याचे काम चारपासून मोजावयाचे नसून सहापासूनचे सोळा तास डोळ्यांपुढे ठेवावयाचे, म्हणजेच रात्री १० वाजता त्याच्या हातून विमान सुटलेच पाहिजे. दहा तास वाट पाहण्यात गेले ते वाया गेले असे कंपनीने म्हणावे, पण ते गेलेच नाहीत असे मात्र तिने म्हणू नये, हा या कलमाचा मथितार्थ.

त्याबरोबरच आपण कामास योग्य आहोत अशी ग्वाही प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकाने द्यावयाची, आणि जो ती देऊ शकत नाही त्याला कंपनीने उडवावयाचे नाही, अशी दुहेरी जबाबदारी आली. यामुळे वैमानिकांची दिनचर्याही पालटली. पाळीची सुरुवात आणि शेवट आगाऊ ठाऊक असल्याने झोप बेतून घेता येऊ लागली. दीर्घ मुदतीची यादी मिळाल्यास दूरच्या गावी राहणारालाही घरून निघता येऊ लागले. आणि ‘मी थकलो आहे’ हे वाक्य उच्चारण्यास पूर्वी जे धैर्य लागे त्याला आता कायद्याचे पाठबळ मिळाले. एक अन्याय मात्र शिल्लक राहिला. मालवाहू विमानांच्या वैमानिकांना, जे बहुधा रात्रीच उडतात त्यांनाच, खर्चाच्या कारणास्तव या नियमांतून वगळण्यात आले. त्यांच्या संघटनेने मागितलेली दाद २०१६ मध्ये न्यायालयाने फेटाळली. खोक्यांच्या पुढे बसलेल्या वैमानिकाला झोप कमी लागते, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही.

आपल्या देशातही हा प्रश्न उशिराच पण याच वाटेने आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून निघालेले टाटांचे पहिले टपाल जुहूपर्यंत स्वतः जे. आर. डी. टाटांनी आणि पुढे मद्रासकडे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले, तेव्हा तासांचे नियम कोणाच्या स्वप्नातही नव्हते. कालांतराने ते झाले; १९९२ च्या परिपत्रकावर हा व्यवसाय दीर्घकाळ चालला. जुलै २००७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अधिक काटेकोर नियम काढले, परंतु वैमानिकांचा तुटवडा पुढे करणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारीनंतर मे २००८ मध्ये ते स्थगित होऊन जुनेच परिपत्रक पुनरुज्जीवित झाले. वैमानिकांच्या संघटनांची फिर्याद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २०११ मध्ये फेटाळली गेली. पण त्याआधीच, २२ मे २०१० च्या सकाळी, दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीवरून खाली कोसळून १५८ माणसे दगावली होती. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाला ध्वनिमुद्रणावरून दिसून आले की कप्तान उड्डाणाचा बराच मोठा भाग झोपलेला होता. अस्थिर झालेले अवतरण वेळीच न सोडणे हे अपघाताचे प्रत्यक्ष कारण ठरले, आणि गाढ झोपेतून उठल्यावर बुद्धीवर राहणारी जडता हे त्याला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदले गेले.

ऑगस्ट २०११ मध्ये भारताचे नवे नियम आले आणि ‘स्टँडबाय’चा, म्हणजे राखीव राहण्याचा, काळ त्यांत विचारात घेतला गेला. जानेवारी २०२४ मध्ये त्यांची पुन्हा सुधारणा होऊन साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आली आणि रात्रीच्या अवतरणांवर कडक मर्यादा पडली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबत गेली. दिल्ली उच्च न्यायालयापुढे दिलेल्या हमीनुसार ती २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर महिन्यांत दोन टप्प्यांनी झाली. त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबरच्या आरंभी, देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, विमानतळांवर उतारूंचे अतोनात हाल झाले, आणि सरकारला काही नियम तात्पुरते शिथिल करावे लागले. त्या दिवसांत दोष नव्या नियमांना देण्यात आला. पण नियम जवळजवळ दोन वर्षे आधी जाहीर झालेले होते. वेळापत्रक मात्र पुरेसे राखीव बळ हाताशी नसताना आखलेले होते. नियम कडक होताच जी व्यवस्था कोसळते, ती नियमापूर्वीही वैमानिकांच्या झोपेवरच उभी असते, एवढेच त्या आठवड्याने सिद्ध केले.

या साऱ्या इतिहासातून जो निष्कर्ष निघतो तो विमान व्यवसायापुरता मर्यादित नाही. रुग्णालयातील निवासी डॉक्टर, आगगाडीचा पर्यायी चालक, वीजमंडळाचा पाळीवरचा तारतंत्री, अग्निशामक दलाचा जवान, या सर्वांच्या सज्ज राहण्यावर समाजाची निर्धास्तता अवलंबून आहे, आणि या सर्वांचा प्रतीक्षेचा काळ हिशेबाबाहेर ठेवण्याचा मोह प्रत्येक मालकाला होतो, कारण त्या काळात डोळ्यांना दिसेल असे काही उत्पन्न होत नाही. परंतु दुसऱ्याच्या अडचणीसाठी राखून ठेवलेला तास हा त्या मनुष्याचा उरलेला नसतो. तो ज्याने विकत घेतला त्यानेच तो आपल्या खाती मांडला पाहिजे, त्याची सीमा आखली पाहिजे आणि त्याची किंमत चुकती केली पाहिजे. ही किंमत शेवटी तिकिटावर चढते, हे खरे आहे. ती चढावी, उतारूने ती आनंदाने द्यावी, कारण ती न देता जे स्वस्त तिकीट आपण घेतो, त्याचा फरक आपल्याच विमानाच्या पुढल्या दोन आसनांवर बसलेल्या माणसांच्या झोपेतून वळता करून घेतला जातो.